सूर्यभान मिस्त्रीचे घोडे

अवं सीमा, कप ठेव खाली अन् ऐक. शकुन, तू बी सरक इकडे. तुमी दोघी कवाच्या विचारून राहिल्या ना, का चार दिवसाचं सांगून मी तेल्हाऱ्याले गेली अन् अकरा दिवसांनी अमरावतीले काहून परत आली? सांगते. फक्त मधात टोकू नका, एकदा थांबली का माहं इंजीन लवकर सुरू होत नाई.

तं माहा बाप मिस्त्री आहे हे तुमाले माहीत आहे. शालिकराम मिस्त्री. हिवरखेड रस्त्यावर दुकान. ट्रॅक्टरचं इंजीन खोलून पुन्हा बसवणारा त्याच्यासारखा माणूस तालुक्यात दुसरा नाई. हे मी पोरगी म्हणून नाई सांगून राहिली, लोकं सांगतात. म्हणजे सांगत होते, मागच्या महिन्यापर्यंत.

झालं असं, का आमच्या गावात भगवंतराव म्हणून आहेत, मी त्याईले भगवंतकाका म्हणते. त्याईचा लाल ट्रॅक्टर, सत्तावीस वर्साचा. नुसता धूर ओकून राहिला होता. बाबानं अख्खं इंजीन खोललं, स्लीव्ह-पिस्टन नवे टाकले, व्हॉल्व घासले, डिझेलचा पंप तपासून आणला. वीस दिवस लागले. ट्रॅक्टर असा सुरू झाला का बस! भगवंतकाका खूश. पण त्याईचा पोरगा मनोज अकोल्याले राह्यते, त्याले गाड्याईचा भलता शौक. तो म्हणे, बाबा, आपण मोजून पाहू ना. अकोल्यात एक नवं गॅरेज झालं, तिथं जमिनीत मोठाले रोलर बसवले. गाडी त्याच्यावर चढवायची, पट्ट्यानं बांधायची, चाकं जागच्या जागी फिरतात अन् कॉम्प्युटरवर आकडा येते का तुमची गाडी किती हॉर्सपॉवरची. ट्रॅक्टरचं ते मोठ्ठं दातेरी चाक पाहून गॅरेजवालाच म्हणे भाऊ, हे नको. मनोज कुठी ऐकते! चढवला. आकडा आला चोवीस. अन् ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलेलं, पस्तीस.

मंग काय. भगवंतकाका दुसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर सगळ्याईसमोर बोलले, "शालिकरामानं माह्ये अकरा घोडे खाल्ले."

एवढंच. पण असं वाक्य आमच्याकडे एका दिवसात अख्ख्या बाजारात फिरून येते. बाबा दिसला का कोणी म्हणे, "शालिकभाऊ, जेवले का, का आज बी घोडाच?" कोणी नुसतं जिभेनं टाप टाप वाजवे. बाबानं चौकात जाणं सोडलं. मायचा फोन आला, "गीतू, तुहा बाप पाना हातात घेते अन् तसाच ठेवून देते. दोन ट्रॅक्टर दुकानात उघडे पडले. तू शिकून राहिली ना हेच? मंग ये, अन् सांग लोकाईले."

गेली मी. सरळ भगवंतकाकाच्या घरी. म्हटलं, काका, पुस्तकातला आकडा सुट्या इंजिनाचा असते. ते फॅक्टरीत स्टँडवर ठेवतात, थंड हवेत मोजतात. तिथून चाकापर्यंत गिअर आहेत, ऑइल आहे, टायर आहे, प्रत्येकजण आपला आपला वाटा खाते. तुमी जिनिंगमंधी क्विंटलभर कापूस टाकला तं रुई क्विंटलभर निघते का?

ते म्हणे, "नाई. सरकी जाते."

"मंग! तसंच."

"सरकी मी ढोराईले चारतो व माय. माह्ये अकरा घोडे कोणाले चारले ते सांग."

 मी सांगतच राहिली, का दातेरी टायर लोखंडी रोलरवर घसरते, घसरलं का आकडा पडते, अन् मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्यात मोजलं, पंचेचाळीस डिग्रीत, तिथं इंजिनाले श्वास तरी येते का? सगळं ऐकलं त्याईनं. चहा बी पाजला. मंग म्हणे, "बाई, बापाची बाजू पोरगी नाई घेईन तं कोण घेईन."

मले इतका राग आला! मी आपल्या कॉलेजातल्या श्याम सराईले फोन केला. तुमाले माहीत आहे ना, त्याईच्याकडे ते गाड्यासारखं ओढून नेता येते असं मोजायचं मशीन आहे, जे ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टले जोडतात, ज्या शाफ्टवर आपण मळणी यंत्र चालवतो त्याले? सर बिचारे जीपच्या मागं बांधून ते घेऊन आले, अमरावतीहून तेल्हाऱ्यापर्यंत. भगवंतकाकाच्या वाड्यातच ट्रॅक्टरले जोडलं. आकडा आला तीस.

मले वाटलं, झालं! अवं कुठचं काय. लोकं म्हणे, एका ट्रॅक्टरचे तीन आकडे? पुस्तकात पस्तीस, रोलरवर चोवीस, मास्तराच्या डब्यात तीस. कोणीतरी मागून बोललं, "हे तं पोरगी पाहायले आलेल्या पोराच्या वयासारखं झालं. कागदावर वेगळं, मायच्या तोंडी वेगळं अन् पाहाले वेगळं." सगळे हसले. सर बी हसले. सराईनं समजावून सांगितलं, का तीनही मशिनी तीन ठिकाणी मोजतात, एक इंजिनावर, एक शाफ्टवर, एक चाकावर, म्हणून आकडे वेगळे येतात. एकाच मशिनीवर आधी अन् नंतर मोजलं असतं तं कामानं फरक किती पडला ते कळलं असतं. भगवंतकाका शांतपणे म्हणे, "तुमच्या मशिनी आपसातच भांडून राहिल्या सर, मी कोणाचं ऐकू? सूर्यभान राह्यला असता तं एका सकाळी निकाल लागला असता."

अन् सूर्यभानचं नाव निघालं अन् बाबा जागेवरून उठून घरी चालला गेला.

सूर्यभान मिस्त्री बाबाचा उस्ताद. आठ वर्सं झाली जाऊन. मी त्याले मिस्त्री आजा म्हणो. सहा फुटाच्या वर बुढा, दुकानाच्या दारातून वाकून शिरे. हात असे लांब, का उभ्यानंच जमिनीवरचा नट उचलते का काय असं वाटे. मी लहान होती तवा शाळा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी मले भिंतीले उभी करे अन् आपल्या हातानं मोजे. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. "दोन हात अन् सहा बोटं. मागच्या सालापेक्षा चार बोटं वाढली रे शालिक, पोरीले भाकर पचून राहिली." त्याच्या हाताले डिझेलचा वास ये, अन् मले गुदगुल्या होत. मी हालली का म्हणे, "हालू नको, आकडा चुकते."

तसाच तो इंजीन मोजे. कोणी नवा ट्रॅक्टर आणला का, नाई तं जुन्याचं मोठं काम झालं का मालकाच्या समोर मोजूनच देणार, ही त्याची रीत. आमी त्याले 'घोडे मोजणं' म्हणो. बाभळीच्या लाकडाचे दोन गुटके, मधात अर्धगोल कोरलेले. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टले लोखंडी डबा बसवायचा अन् हे गुटके त्या डब्याले दोन्हीकडून आवळायचे, जसं ऊस धरते चरक. वरच्या गुटक्याले एक लांब दांडा. शाफ्ट फिरला का दांडा बी फिराले पाह्यते, पण त्याच्या टोकाले कापसाच्या गठड्या तोलायचा काटा बांधलेला. काटा त्याले अडवून धरते. जितका जोर तितके किलो. मिस्त्री आजा बोल्ट आवळत जाय, बाबा शाफ्टच्या चकरा मोजे, एका मिनिटात पाचशे चाळीस, त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाई. लाकूड तापे, धूर निघे, अन् मिस्त्री आजा ओरडे, "पाणी!" ते पाणी मालकानंच टाकायचं, लोट्यानं. दुसऱ्या कोणी टाकलं तं चालत नव्हतं. छनछन वाफ. तो वास, सीमा, जळक्या बाभळीचा अन् डिझेलचा अन् वाफेचा, अजूनई कुठी लाकूड जळताना आला ना तं मले सकाळचे सात वाजले असं वाटते.

होय, सातच. तो सातच्या नंतर मोजतच नव्हता. म्हणे, उन्हात घोडा दमते. मले कॉलेजात दुसऱ्या वर्षाले कळलं का गरम हवा पातळ असते, इंजिनाले दम कमी पडते, म्हणून आकड्यात दुरुस्ती कराव लागते, त्याचं हे एवढं मोठं सूत्र. मिस्त्री आजा दुरुस्ती करत नव्हता. तो सकाळी उठे.

अन् काट्यावरचा एक किलो म्हणजे एक घोडा. बस, हिशोब संपला. मालक बुंदी अन् मुरमुऱ्याचा चिवडा आणे, आमी गंजीभर पोरं जमो, अन् मिस्त्री आजा बोनेट उचलून आतल्या बाजूनं लाल रंगानं आकडा लिहे अन् साल लिहे. आजई आमच्याकडे कोणताई जुना ट्रॅक्टर पाहा, बोनेटच्या आत लाल आकडा आहे. लोकं ट्रॅक्टर विकत घेताना टायरच्या आधी बोनेट उचलत.

तं मी त्या दिवशी भगवंतकाकाच्या वाड्यात उभीच होती. मी बोनेट उचललं. धुळीच्या खाली दिसलं. अठ्ठावीस. सन सत्त्याण्णव. ट्रॅक्टर नवा घेतला तवाचं.

मी धावतच घरी. म्हटलं, बाबा, पस्तीस नाई, चोवीस नाई, आपल्याले अठ्ठावीसशी बरोबरी करायची आहे! तेच मशीन, तोच ट्रॅक्टर, आधी अन् नंतर. सर म्हणत होते तेच! काढा ना ते गुटके.

बाबा म्हणे, "नाई."

"काहून पण?"

त्यानं माळ्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "रोलरनं कमी दाखवलं तं मी म्हणेन रोलर खोटं आहे. उस्तादाच्या काट्यानं कमी दाखवलं तं मी काय म्हणू?"

मले तवा कळलं का तो चौकातल्या लोकाईले भितच नव्हता.  मायनं बी ऐकलं होतं. ती चुलीपासून म्हणे, "मंग असंच बसून राहा. उस्तादानं तुमाले बसाले शिकवलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः भगवंतकाकाच्या दारात जाऊन उभा राह्यला. म्हणे, "परवा सात वाजता ट्रॅक्टर आण. उस्तादाच्या काट्यावर लावू. अठ्ठावीस आलं तं तू चौकात येऊन सांगायचं का शालिकरामानं घोडे खाल्ले नाई. कमी आलं तं मी पाना खाली ठेवतो. इंजिनाले पुन्हा हात लावत नाई."

मले धसकाच बसला. भगवंतकाकाले बी. ते म्हणे, "अरे मी तं तसंच बोललो..." पण बाबा निघून आला होता.

माळ्यावरून सामान काढलं. गुटके ऑइल पिऊन पिऊन काळे झालेले, एकदम टणक. डबा ठीक. काटा ठीक. पण दांडा! दांडा कोरडा लाकडाचा, आठ वर्सं भिंतीले लागून. बाबानं हात लावला अन् त्याच्या हातात भुसाच आला. उधईनं पूर्ण पोखरलेला. टोक कुठं होतं, भोक कुठं होतं, काई पत्ता नाई.

"तीन हात," बाबा म्हणे. "गुटक्याच्या मधापासून काट्याच्या भोकापर्यंत बरोबर तीन हात. उस्ताद हजार वेळा सांगे." अन् त्यानं नवा बाभळीचा दांडा घेतला, कोपर टेकवलं, एक, दोन, तीन, खूण केली, भोक पाडलं. दांडा वीतभर जास्तीचा राह्यला तो तसाच ठेवला. मिस्त्री लोकं असंच करतात ना, आपल्या हातानं मापतात. मले बी त्यात काई वावगं वाटलं नाई. इंजिनीअर होऊन राहिली मी, अन् मले टेप लावायचं सुचलं नाई, आता बोला.

सकाळी सातले ही गर्दी! कोणी सांगितलं होतं काय माहीत. म्हातारे म्हातारे लोकं आले होते, जे मिस्त्री आजाच्या वेळी येत. एक जण बुंदी घेऊन आला, निकाल लागायच्या आधीच. मनोज बी आला अकोल्याहून, मोबाईल वर धरून. बाबानं गुटके आवळले, चकरा मोजायचं घड्याळ माह्या हातात दिलं. ट्रॅक्टर पूर्ण रेसवर. मी ओरडून राहिली, "सहाशे... पाचशे साठ... पाचशे चाळीस!" धूर निघाला. "पाणी!" बाबा ओरडला, अन् अवं, त्याचा आवाज हुबेहूब मिस्त्री आजासारखा निघाला, मागचे दोन बुढे दचकले. भगवंतकाका लोट्यानं पाणी टाकून राहिले, वाफेत त्याईचं तोंड दिसेना.

काटा थांबला. एकतीस.

एकतीस! जो गोंधळ झाला! एकानं बाबाची टोपी उडवली. मनोजनं मोबाईल खाली केला. भगवंतकाका ओल्या धोतरानं पुढं आले, हसत हसत म्हणे, "घ्या! खाल्ले कुठी, उलट तीन घोडे यानं आणून बांधले! चाल शालिक, चौकात चाल, आत्ताच सांगतो."

अन् बाबा हसतच नव्हता. तो काट्याकडे पाहून राहिला होता. म्हणे, "थांब. नवा होता तवा अठ्ठावीस. आता एकतीस कसे?"

"आले ना बाप्पा! तुह्या हाताले गुण आहे."

"इंजीन का म्हैस आहे, चारा टाकला अन् वाढलं?" बाबानं ट्रॅक्टर बंद केला. दांड्यापाशी गेला, आपलं कोपर त्याच्यावर टेकवलं, तीन वेळा. भोकापाशी येऊन थांबला. आपल्या बोटाकडे पाह्यलं. मंग सगळ्याईसमोर म्हणे, "माहा हात आखूड आहे."

कोणालेच समजलं नाई. मले समजलं. दांडा आखूड तं काट्यावर जोर जास्त. जसं आखूड पान्यानं नट खोलताना जास्त जोर लावाव लागते ना? उस्तादाचे तीन हात लांब, बाबाचे तीन हात आखूड, म्हणून काट्यानं जास्ती किलो दाखवले. एकतीस खोटे होते.

मी त्याच्या कानात म्हटलं, "बाबा, कोणाले कळलं नाई. राहू द्या ना."

तो म्हणे, "मले कळलं ना."

भगवंतकाका बी म्हणे, "अरे जाऊ दे, मी खूश आहो ना!" बाबानं मान हालवली. म्हणे, "माह्या हाताचं माप नाई पाह्यजे. उस्तादाच्या हाताचं पाह्यजे. उद्या सातले या सगळे." लोकं बुंदी खाऊन गेले. म्हणजे बुंदी तेवढी संपली, निकाल नाई.

पण उस्तादाचा हात आता आणायचा कुठून? आठ वर्सं झाली माणूस जाऊन. बाबानं मोटरसायकल काढली, मी मागं बसली, अन् आमी हिवरखेडले गेलो. मिस्त्री आजाची बायको, पार्बता आजी, तिथं लेकीकडे राह्यते. ओसरीत बाजेवर बसून तूर पाखडून राहिली होती. बाबानं पाय धरले.

"कोण, शालिक? किती वाळला रे! बायको भाकर देते का नाई?"

बाबा म्हणे, "आजी, उस्तादाचा हात किती लांब होता?"

ती अशी हसली! तोंडात दोन दात, पण काय हसली. "मले काय माहीत बाबू, मी का सुतळी घेऊन संसार केला?"

बाबाचं तोंड उतरलं. मी म्हटलं आजी, त्याईनं आपल्या हातानं मापलेलं काहीतरी असेल ना घरात, दार, कपाट, काईबी? तिनं सूप बाजूले ठेवलं.  मंग बाजेच्या पाटीवर थाप मारली.

"हेच तं. चार हात लांब, दोन हात रुंद. लग्नाच्या दुसऱ्या साली यानंच केली. सुताराची बाज याले पुरे ना, पाय बाहेर लोंबत, अन् रात्री कुत्रं येऊन चाटे. मंग हा उठला एक दिवस अन् स्वतःच करत बसला. मी लाकूड धरलं होतं. मले म्हणे, हालू नको पार्बते, आकडा चुकते."

बाबानं दुसरीकडे तोंड केलं. मी बी.

मंग बाबानं सुतळी लावली बाजेले. पार्बता आजीनं एक टोक धरलं, उठून उभी राहून, लेक नको म्हणून राहिली होती तरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुतळी चार पदरी दुमडली, एक पदर कापून टाकला, राह्यले तीन. उस्तादाचे तीन हात. आजीनं ती सुतळी आपल्या हातात घेतली, अंगठ्यानं अशी चोळून पाह्यली. म्हणे, "त्याचा हात घेऊन चालला व्हय शालिक? घेऊन जाय. काम झालं का आणून दे."

घरी येऊन दांड्यावर सुतळी ताणली. बाबाच्या भोकाच्या सहा-साडेसहा इंच पुढं आली. जास्तीचं लाकूड होतं म्हणून बरं. नवं भोक पाडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. या वेळी कोणी ओरडत नव्हतं. सगळ्याईले कळलं होतं का आता आकडा खालीच येणार, पण किती? चोवीस? पंचवीस? माय दुकानात कधी येत नाई, ती आली अन् दाराआड उभी राह्यली. मी चकरा सांगून राहिली. पाचशे चाळीस. पाणी. वाफ. बाबानं काट्याकडे पाह्यलंच नाई, म्हणे, "भगवंता, तू वाच. मालकानंच वाचाव."

भगवंतकाकानं चष्मा पुसला. वाफेनं पुन्हा भरला. पुन्हा पुसला.

"साडेसत्तावीस."

अर्धा घोडा कमी. अवं अर्धा! बाबानं इंजीन बंद केलं. एकदम शांत झालं, नुसतं गुटक्यावरचं पाणी टिपटिप पडून राहिलं. बाबानं खिशातून पाना काढला अन् भगवंतकाकाच्या समोर जमिनीवर ठेवला. म्हणे, "बोललो होतो मी. अठ्ठावीसपेक्षा कमी."

मी ओरडणारच होती, का बाबा, अर्ध्या घोड्याचा फरक तं काटा हालला तरी पडते, कोणतंच मशीन इतकं बारीक... पण भगवंतकाका आधीच बोलले. ते खाली वाकले, कमर धरून, अन् पाना उचलला.

"सत्त्याण्णव साली मी पन्नास किलोचं पोतं एका हातानं ट्रॉलीत फेको. आता लोटा उचलाले दोन हात लागतात. अन् माह्या ट्रॅक्टरचा तू सत्तावीस वर्सात अर्धा घोडा कमी येऊ दिला, तं मी तुह्याकडून पाना ठेवून घेऊ? काल एकतीसवर गप बसला असता तं मी चौकात नाचलो असतो. मले कळलं बी नसतं." पाना बाबाच्या हातात कोंबला. "धर. डोकं नको खाऊ. माह्या मळणी यंत्राच्या बेअरिंगचा आवाज येऊन राहिला, दुपारून पाहाले ये." अन् मनोजकडे वळून म्हणे, "अन् तू, ते रोलरचं पुन्हा कुठी बोलला तं पाह्य."

मनोज बिचारा म्हणे, "बाबा, पण रोलर बी चूक नाई, ते चाकावरचं..."

"चाल, हो बाजूले!"

अन् गेले ना ते चौकात. खरंच गेले. टपरीवर काय बोलले ते मले तीन लोकाईनं तीन प्रकारे सांगितलं, म्हणून ते सोडा. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुकानात पाच ट्रॅक्टर उभे होते, अन् बाबा दोन वेळा जेवला.

आता शेवटचं, हे ऐका. मी ती सुतळी टेपनं मोजली होती. न सांगता. एक हात साडेअठ्ठेचाळीस सेंटीमीटर. मी वहीत हिशोब मांडला. पाचशे चाळीस चकरांवर एका किलोचा एक घोडा पाह्यजे असेल तं दांडा एक मीटर साडेबत्तीस सेंटीमीटर पाह्यजे, म्हणजे साध्या माणसाचे तीन हात. कोणीतरी शिकलेल्या माणसानं मिस्त्री आजाले तीन हात सांगितले असतील, अन् यानं आपले ताडमाड तीन हात लावले. म्हणजे त्याचा दांडा पहिल्या दिवसापासून लांब. तो मोजे तो प्रत्येक घोडा दहा टक्के कमीच. साडेसत्तावीस म्हणजे खरे तीस. तीस! श्याम सराईचा आकडा! तीन लाखाचं मशीन अन् बाभळीचे गुटके, दोघं एकाच जागी येऊन बसले.

मी नाचतच बाबाले सांगितलं. तो दुकानाच्या पायरीवर बसून हात धुवून राहिला होता.

"म्हणजे उस्तादाचा आकडा खोटा होता?"

"खोटा नाई बाबा. कमी होता."

बाबा साबण लावत राह्यला. म्हणे, "तालुक्यात तीनशेच्या वर बोनेट असतील, त्याच्या हातचे आकडे असलेले. सगळेच कमी?"

"सगळेच. पण सगळे सारखेच कमी."

"सारखेच?"

"सारखेच. दांडा एकच होता ना."

त्यानं हातावर पाणी घेतलं. "मंग बरोबर आहे," म्हणे. मी म्हटलं आपण आता नवीन भोक पाडू, एक मीटर साडेबत्तीसवर, एकदम अचूक. तो म्हणे, नाई, मंग बोनेटातले तीनशे आकडे अनाथ होतात. आपण उस्तादाच्याच हातानं मोजू. मंग पुसता पुसता थांबला अन् माह्याकडे पाह्यलं. "हे दहा टक्क्याचं, गीतू, कोणाले सांगू नको. लोकाईले कळलं तं ते आकडा नाई पाहत, उस्तादातच खोट काढतात."

मी म्हटलं, नाई सांगत बाबा. शपथ.

अन् पाहा ना, अमरावतीले येऊन एक दिवस नाई झाला अन् मी तुमाले सांगून बसली. शकुन, तुहे मामा तेल्हाऱ्याचेच आहेत ना? त्याईच्याकडे गेली तं बोनेट उचल, आकडा पाह्य, अन् छान आहे म्हण. बस, तेवढंच म्हण.